शिक्का बसला की काम सुरू करता येतं, कार्डाची वाट बघू नकोस

प्रश्न असा आहे: “ताई, मी सांगलीची. बी.कॉम. करून चार वर्षं एका पतसंस्थेत अकाउंट्स सांभाळले. नवरा अमेरिकन नागरिक आहे, लग्नाला चौदा महिने झाले. सीआर-१, म्हणजे अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराचा कायम राहण्याचा (इमिग्रंट) व्हिसा मिळाला, पुढच्या महिन्यात न्यू जर्सीत एडिसनला येतेय. नवरा म्हणतो, ग्रीन कार्ड घरी आल्याशिवाय नोकरीचं नाव काढू नकोस. एका ऑफिसात फोनवर बोलले, तिथेही हेच ऐकलं: आधी कार्ड दाखवा. मी नक्की कधीपासून काम करू शकते? आणि सुरुवात कुठून करू?”

विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तुझ्या व्हिसावर शिक्का मारला, की त्या घडीपासून तू अमेरिकेची कायम रहिवासी आहेस आणि कुठल्याही मालकाकडे काम करू शकतेस. दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू झालीस तरी चालतं. हक्क आधी मिळतो, कार्ड मागाहून पोस्टाने येतं.

मी २००६ साली नवऱ्यामागे एच-४ वर आले, म्हणजे एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. तेव्हा एच-४ वाल्या बायकोला काम करायची मुभाच नव्हती. एम.कॉम. झालेली मी नऊ वर्षं घरात होते. २६ मे २०१५ ला नियम बदलला, त्याच वर्षी परवान्याचं कार्ड आलं आणि मी एका कंपनीच्या पेरोलमध्ये लागले. तेव्हापासून नव्या माणसांना रुजू करून घेताना त्यांची कागदपत्रं तपासणं हेच माझं काम आहे. जो हक्क मिळायला मला नऊ वर्षं लागली, तो तुला पहिल्या दिवशी मिळतोय. तो कोणाच्या गैरसमजामुळे तीन महिने पडून राहिला तर मला खरंच वाईट वाटेल. म्हणून सविस्तर लिहितेय. मी वकील नाही. इमिग्रेशनचा गुंता असेल तर वकीलच गाठावा. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी टेबलावर काय होतं, ते मी रोज बघते.

आधी तुझा पासपोर्ट उघड आणि व्हिसाचं पान नीट बघ. फोटोशेजारी “रजिस्ट्रेशन नंबर” म्हणून एक आकडा आहे. तोच तुझा ए-नंबर, पुढे जन्मभर लागेल. खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ छापलेली आहे: “अपॉन एन्डोर्समेंट सर्व्ह्ज ॲज टेम्पररी आय-५५१ एव्हिडन्सिंग परमनंट रेसिडेन्स फॉर १ इयर”. आय-५५१ म्हणजे ग्रीन कार्डाचंच सरकारी नाव. ओळीचा अर्थ असा, की शिक्का बसल्यावर हे पानच एक वर्षभर तात्पुरतं ग्रीन कार्ड आहे. वर्ष मोजायचं शिक्क्याच्या तारखेपासून. म्हणून खिडकीवरून हलायच्या आधी शिक्का बघून घे. तारीख वाचता येते ना, सीआर-१ असं लिहिलंय ना? पुसट उमटला असेल तर तिथेच सांग, ते दुसरा मारून देतात. मागची रांग मोठी आहे म्हणून संकोचायचं नाही. बाहेर आल्यावर तीच दुरुस्ती करायला बराच वेळ जाऊ शकतो.

आता नोकरीचा पहिला दिवस. अमेरिकेत कोणालाही कामावर घेताना आय-९ नावाचा फॉर्म भरावा लागतो, जन्माने अमेरिकन असला तरी. पहिला भाग तू भरायचा, उशिरात उशिरा रुजू होण्याच्या दिवशी. त्यात “लॉफुल परमनंट रेसिडेंट”च्या चौकोनावर खूण करायची आणि ए-नंबर लिहायचा. दुसरा भाग मालक भरतो, त्याला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्यासाठी तो तुझी मूळ कागदपत्रं बघतो. कागदपत्रांच्या याद्या ठरलेल्या आहेत. यादी ‘ए’मधला एकच कागद पुरतो, नाहीतर ‘बी’तला एक आणि ‘सी’तला एक असे दोन. शिक्का बसलेल्या इमिग्रंट व्हिसाचा पासपोर्ट यादी ‘ए’त आहे. म्हणजे तो एकटाच पुरेसा.

यातला कुठला कागद दाखवायचा हे तू ठरवायचं, मालकाने नाही. कागद यादीत बसतो आणि खरा दिसतो, तर त्याने तो घेतलाच पाहिजे. “आम्हाला ग्रीन कार्डच हवं” असा हट्ट धरणं कायद्यात बसत नाही. न्याय खात्याचा एक स्वतंत्र विभाग अशा तक्रारी घेतो. पण तक्रारीपर्यंत जाऊ नकोस, बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. समोरच्याने असा व्हिसा आधी कधी पाहिलेलाच नसतो, एवढंच खरं कारण असतं. छोट्या ऑफिसात हे काम रिसेप्शनवरची मुलगी किंवा मालकाची बायको करते. यूएससीआयएस म्हणजे इमिग्रेशनचं सरकारी खातं. तिला शांतपणे सांगायचं: “यूएससीआयएसचं एम-२७४ नावाचं मालकांसाठीचं पुस्तक आहे, त्यात टेम्पररी आय-५५१ बघा.” ते पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. त्यातलं पान छापून पासपोर्टासोबत ठेवलंस तर आणखी बरं.

फोनवर तुझं काय झालं असेल, त्याचा मला अंदाज आहे. तू “मी स्पाउस व्हिसावर येतेय” असं म्हणालीस ना? “व्हिसा” हा शब्द ऐकला की इथला मालक दचकतो. त्याच्या डोळ्यांसमोर एच-१, वकील, हजारो डॉलर खर्च असं सगळं उभं राहतं. यापुढे तो शब्द वापरायचाच नाही. आल्यावर म्हणायचं, “आय ॲम अ परमनंट रेसिडेंट.” ऑनलाइन अर्जात दोन प्रश्न हमखास असतात. अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का? हो. आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप, म्हणजे मालकाने व्हिसा काढून देणं, लागेल का? नाही. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी आहेत, बिनधास्त लिही.

मग सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे पगार आणि कर ज्यावर नोंदवले जातात तो सरकारी नंबर. कॉन्सुलेटसाठी तू जो डीएस-२६० भरलास, त्यात “नंबर आणि कार्ड हवं का” असं विचारलेलं असतं. तिथे ‘हो’ केलं असेल तर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत कार्ड आपोआप घरी येतं. आठवत नसेल तर आत्ताच तो फॉर्म उघडून बघ. ‘नाही’ झालं असेल तर पासपोर्ट घेऊन जवळच्या सोशल सिक्युरिटी ऑफिसात स्वतः जायचं. अर्ज फुकट असतो. पैसे घेऊन नंबर काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं का? येतं. अर्ज केलाय एवढं मालकाला सांगायचं आणि नंबर आला की लगेच द्यायचा. मालक ई-व्हेरिफाय (कामाचा हक्क ऑनलाइन तपासायची सरकारी सोय) वापरत असेल तर नंबर येईपर्यंत त्याने ती तपासणी थांबवायची असते, तुझं काम थांबवायचं नसतं. पहिला पगार मात्र थोडा रखडू शकतो. काही पेरोल सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढेच सरकत नाहीत आणि आम्हाला हाताने मार्ग काढावा लागतो.

ग्रीन कार्ड छापण्याची वेगळी फी आहे, एप्रिल २०२४ पासून २३५ डॉलर. निघायच्या आधीच ऑनलाइन भरून टाक. ती भरली नाही म्हणून तुझा हक्क कमी होत नाही, पण कार्ड छापलंच जात नाही. “चार महिने झाले, कार्ड का नाही आलं” असं विचारणाऱ्या कितीतरी जणींची फीच राहिलेली असते. एरवी आल्यापासून किंवा फी भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत कार्ड येतं असं धरून चाल.

हे कार्ड जिथे अडतं ती जागा म्हणजे टपालपेटी. अपार्टमेंटमध्ये खाली पत्र्याच्या पेट्यांची रांग असते आणि पेटीच्या आत कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर त्या घरातल्यांची आडनावं. तुमच्या पेटीत फक्त नवऱ्याचं आडनाव असेल, आणि तुझ्या पासपोर्टवर माहेरचं. पोस्टमन पाकीट उघडत नाही, चिठ्ठी वाचतो. नाव दिसलं नाही की पाकीट परत. गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं कार्ड असंच दोनदा परत गेलं. शेवटी तिने एका इंडेक्स कार्डावर दोघांची पूर्ण नावं ठळक लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि पोस्टमनला दुपारी गाठून सांगितलं. तू हे घरात पाऊल टाकल्याच्या दिवशीच कर. विमानतळावर अधिकारी पत्ता विचारतो तेव्हा अपार्टमेंटचा नंबरही सांग. पुढे घर बदललं तर दहा दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवणं बंधनकारक आहे.

नावाचा विषय आपल्या मराठी बायकांचा खास आहे, म्हणून जरा थांबून सांगते. डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. अनुभवाच्या पत्रावर कदाचित लग्नानंतरचं, मधे नवऱ्याचं. पासपोर्टवर तिसरंच काही. त्यात पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं एकत्र असतात. इथलं एखादं सॉफ्टवेअर दोन्ही मिळून फर्स्ट नेम धरतं, एखादं दुसऱ्याला मिडल नेम करतं, एखादं ते गाळूनच टाकतं. माझा सल्ला: सोशल सिक्युरिटी कार्डावर जे छापून येईल ते नाव प्रमाण मानायचं. बँक, पेरोल, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. घरच्यांना हौस असली तरी पहिलं वर्ष आडनाव बदलायच्या फंदात पडू नकोस. दोन्ही नावांची माणूस एकच, हे दाखवायला लग्नाचा दाखला लागतो. त्याच्या दोन जादा साक्षांकित प्रती काढून आण.

निघायला महिना आहे, तर सांगलीत असतानाच उरकायच्या गोष्टी आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्ट काढून घे, सीलबंद पाकिटांत, दोन-तीन संच. इथे डिग्रीचं मूल्यमापन करून घेताना काही संस्था ते थेट विद्यापीठाकडूनच मागतात. तेव्हा त्याची पद्धत काय हेही तिथल्या खिडकीवर विचारून ठेव. इथून फोनवर ही कामं करायची म्हणजे रात्री दोनला जागायचं आणि धाकट्या भावाला कोल्हापूरच्या चकरा मारायला लावायच्या. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला प्रत्येक संस्था वेगळं मोजते. म्हणून आधी पैसे भरू नकोस. मालकाने किंवा परीक्षा मंडळाने मागितलं तरच, आणि ते सांगतील त्याच संस्थेकडून करून घे.

पतसंस्थेकडून अनुभवाचं पत्र इंग्रजीत घे, लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासकट. “समाधानकारक काम केले” एवढ्या ओळीचा इथे काही उपयोग नाही. रोजची कॅश ताळेबंद, बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, ऑडिटची तयारी, खात्यांची संख्या, जे केलंस ते सगळं त्यात यायला हवं. मॅनेजरचा ईमेल घेऊन ठेव, इथली पडताळणी करणारी कंपनी त्यांना लिहील. आणि भारतातलं सिम चालू ठेव. पीएफ, बँक, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. तो बंद पडला की स्वतःचेच पैसे काढता येत नाहीत. बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं खातं) करण्याचं विचार, परदेशी राहायला गेल्यावर ते करावंच लागतं.

तुझ्या हातातलं काम इथे चांगलं चालतं. हे धीर द्यायला म्हणत नाही. डेबिट-क्रेडिट सगळीकडे एकच असतं. टॅलीच्या जागी क्विकबुक्स येतं, जीएसटीच्या जागी सेल्स टॅक्स, आणि ‘अकाउंटंट’ म्हणून अर्ज करायच्या आधी ‘अकाउंट्स पेएबल’, ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’ आणि ‘बुककीपर’ या नावांनी शोधायचं. क्विकबुक्स दोन-तीन आठवड्यांत हातात बसतं. बायोडेटा नवा लिही. एक पान, जास्तीत जास्त दोन. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, यातलं काही नको. “चार वर्षांचा अनुभव” म्हणण्याऐवजी “रोज इतक्या व्यवहारांचा मेळ घातला” असं लिही.

इथल्या अनुभवाचा पहिला धागा हवा असेल तर आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचा, व्हीटा कार्यक्रम मला फार आवडतो. कमी उत्पन्नाच्या लोकांची टॅक्स रिटर्न्स तिथे स्वयंसेवक फुकट भरून देतात. शिकवणं फुकट, परीक्षा फुकट, आणि जानेवारीपासून एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत समोर खरी माणसं बसतात. इंग्रजी सुधारतं, संदर्भ द्यायला एक इथला माणूस मिळतो. त्याच हंगामात सीपीए (इथले सीए) लोकांची ऑफिसं जादा हात शोधत असतात. एडिसन-इझलिन भागात अशी छोटी ऑफिसं पुष्कळ आहेत. हे काम आवडलं तर पुढे एन्रोल्ड एजंटची (आयआरएसपुढे करदात्यांची बाजू मांडणारा परवानाधारक) परीक्षा आहे, तीन पेपरांची. तिला डिग्रीची अट नाही, त्यामुळे बी.कॉम.चं मूल्यमापन वगैरे भानगडच नाही. सीपीए व्हायचं तर बहुतेक ठिकाणी जादा शिक्षण लागतं. तो निर्णय दोन वर्षांनी घे.

एक गोष्ट मात्र करू नकोस: हातावर रोख पैसे घेऊन काम. आपल्याच माणसांच्या दुकानात कोणीतरी प्रेमाने म्हणेल, “वहिनी, घरी बसून काय करता, या मदतीला, कॅश देऊ.” न्यू जर्सीत बहुतेक मालकांसाठी किमान वेतन १ जानेवारी २०२५ पासून तासाला १५.४९ डॉलर होतं आणि दर जानेवारीला त्याचा आढावा होतो. रोखीच्या कामात ते सहसा मिळत नाही, पगाराची स्लिप नसते, आणि वर्षाअखेरीला डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) नसल्यामुळे ते काम कुठल्याच कागदावर उरत नाही. तुला पूर्ण हक्क असताना चोरासारखं काम कशाला करायचं?

हे वाचणाऱ्या इतर मैत्रिणींसाठी: वरचं सगळं इमिग्रंट व्हिसावर, म्हणजे सीआर-१ किंवा आयआर-१ वर आलेल्यांना लागू आहे. के-१ म्हणजे मंगेतर व्हिसावर आलेलीने लग्नानंतर ग्रीन कार्डाचा अर्ज करून कामाचं परवाना कार्ड हातात येईपर्यंत थांबावं. एल-२ वर (कंपनीने बदली करून आणलेल्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या बायकोला आता आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, एल-२एस अशी नोंद असली की वेगळं कार्ड लागत नाही. एच-४ वर मात्र नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्याच्या पुढे गेल्याशिवाय परवाना मिळत नाही. शेजारणीने केलं म्हणून तिच्यासारखं करू नका. आधी तिचा व्हिसा कुठला ते विचारा.

परत तुझ्याकडे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत येतेयस, म्हणून तुझं कार्ड दोन वर्षांचंच असेल. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. दोघांचं बँक खातं, घराचा करार, एकत्र भरलेला टॅक्स, हे पुरावे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये टाकत जा. दोन वर्षांनी ऑफिसातलं कोणी “तुमचं कार्ड संपलं, नवं दाखवा” म्हणालं, तर आय-९ साठी एकदा ग्रीन कार्ड दाखवलेल्या माणसाची पुन्हा तपासणी करायची नसते, हे त्यांना सांग. पासपोर्टातला व्हिसा दाखवून लागली असशील तर मात्र वर्षाच्या आत नवा कागद दाखवावा लागेल. तोवर कार्ड आलेलं असतंच.

ती फाइल, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, सगळं तुझ्या स्वतःच्या कपाटात ठेव. नवरा कितीही प्रेमळ असो. त्यांच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही. आपला कागद आपल्याला रात्री बाराला सापडला पाहिजे, म्हणून. जॉइंट खात्याबरोबर एक खातं फक्त तुझ्या नावाचंही उघड, निदान थोडा पगार त्यात जाऊ दे. आणि देव न करो, पण संसार मोडलाच तर आय-७५१ एकटीनेही करता येतो, त्याची सोय कायद्यात आहे. “माझ्याशिवाय तुझं कार्ड जाईल” हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकलंस तर ते खरं मानायचं नाही आणि वकील गाठायचा.

नवऱ्याला माझं हे उत्तर वाचायला दे. माझ्या अनुभवात इथे वाढलेल्या मुलांना हे ठाऊकच नसतं. त्यांना स्वतःला कधी असा व्हिसा लागलेला नसतो. काळजीपोटीच म्हणत असतील. व्हिसाचं पान त्यांच्यासमोर उघडून ती मोठ्या अक्षरांतली ओळ मोठ्याने वाच.

रुजू झाल्यावर डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरताना एक जागा सांभाळ. नवराही नोकरी करत असेल तर दुसऱ्या पायरीतला, दोन नोकऱ्यांसाठीचा चौकोन विसरू नकोस, आणि नवऱ्यालाही त्याचा डब्ल्यू-४ नव्याने भरायला सांग. तिथे खूण केली नाही तर दोघांच्याही पगारातून कर कमी कापला जातो, आणि एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पहिली स्लिप आली की सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापलेले दिसतील. त्या कमाईची नोंद तुझ्याच नावावर होते आणि तिच्यावरून क्रेडिट्स मिळतात. अशी चाळीस क्रेडिट्स झाली, म्हणजे साधारण दहा वर्षं काम झालं, की म्हातारपणी तुझी स्वतःची पेन्शन. म्हणून त्या स्लिपवरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून बघ. नंबराचे शेवटचे चार आकडेही. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी पेरोलला सांग. त्याच वर्षात आम्ही ते पाच मिनिटांत दुरुस्त करतो.